चार देश फिरून आलेला डोंगा

आमच्या गावात वल्ह्याने वाघ मारलेला माणूस आहे: माझा शेजारी. महापुरात एका हाताने वैनगंगा थोपवून दुसऱ्या हाताने विडी पेटवणाराही तोच. हे सगळं तीस वर्षं मीच सांगत आलो. तो बिचारा डोंग्यातून, म्हणजे लाकडी होडीतून, मासे धरणारा, दिवसाला चार शब्द बोलणारा. माझ्या गोष्टी ऐकून नुसता हसायचा.

मागच्या हिवाळ्यात चार देशांचे अधिकारी ग्रामपंचायतीत आले. अतिरेकी सगळीकडेच रूपं बदलून राहिलेत, तर देशांनी एकमेकांचं पाहून शिकावं म्हणे. जंगलातल्या बंदूकवाल्यांना तुमच्या गावांनी मदत करणं कसं थांबवलं, ते सांगा. सरपंचाने दोन वाक्यांत आटोपलं. मला ते बघवेना. उठलो.

"माझ्या शेजाऱ्याने उंबराच्या घाटावरून बारा बंदूकवाले डोंग्यात घेतले. भर धारेत वल्हं उगारून म्हणाला, बंदुका पाण्यात टाका, नाईतर डोंगा उलटवतो! टाकल्या, साहेब. त्या वर्षी मासे लोखंड खाऊन इतके जड झाले, की जाळी फाटली."

दुभाषी घामाघूम झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सोबत आलेला ठाणेदार पोट धरून हसला, तो मला ओळखून होता.

पाहुण्यांनी आपापल्या देशात अहवाल लिहिले, एकमेकांना वाटले. तिथून ते अहवाल दिल्लीला आले, दिल्लीहून आमच्या ठाण्यात. जाताना गोष्ट होती, येताना माहिती झाली. मासे गळाले, बुडालेल्या बंदुका गळाल्या. उरलं एवढंच, की उंबराच्या घाटावरचा मासेमार बारा बंदूकवाल्यांना नदी पार करून देतो. तोवर हसणाऱ्या ठाणेदाराची बदली झाली होती. नव्या ठाणेदाराने डोंगा जप्त करून ठाण्याच्या आवारात टाकला आणि शेजाऱ्याला दर सोमवारी हजेरी द्यायला लावली. ऐन उन्हाळ्यात. लाकडाचा डोंगा पाण्याबाहेर तडकतो, हे त्याला कोण सांगणार?

मी गेलो. "साहेब, ती गोष्ट खोटी आहे."

"घाट खोटा? उंबर खोटा?"

ते खरे होते. बारा नव्हते, दोघं होते. डोंगा शेजाऱ्याचा होता, पण त्या दिवशी मी तो मागून नेला होता. दोघं बंदुका घेऊन काठावर उभे राहिले आणि मी मुकाट्याने त्यांना पार केलं. हे मी साहेबांना सांगितलं नाही. "सगळंच खोटं, साहेब," म्हणून घरी आलो. जन्मात पहिल्यांदा मी गोष्ट छोटी करून सांगितली.

शेजारी दारात जाळं विणत होता.

"भाऊ, तुले एक सांगायचं होतं…"

"त्या दोघांचं?"

"तुले कसं माहीत?"

"मी उंबरावर चढलो होतो, फळं तोडाले. त्यांना पाहून वरच बसलो. तू असा थरथरून राह्यला होता, वल्हं मारायची गरजच नव्हती."

"मग ठाण्यात काऊन नाई सांगतलं?"

"तुया गोष्टीत मी वाघ मारला ना बे. आता ठाण्यात तुयं नाव सांगू?"

सोमवारी मी त्याच्यासोबत गेलो. आवारात डोंग्याच्या बुडाला बोट जाईल एवढी फट पडली होती. त्याने तिच्यावरून हात फिरवला. हवालदाराने त्याचं नाव पुकारलं. तो उठायच्या आत मी उठलो.

"दोनच होते, साहेब. वल्हं माझ्या हातात होतं."