पार्टिशनमागचा कॉम्प्युटर

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते, आणि मग एका बापाचा चेहरा आठवतो.

सत्तरचे दशक सरत आले होते. मी जळगावला फौजदार होतो. शहरात एका लॅबोरेटरीने पाटी लावली होती, 'रक्ताचे रिपोर्ट कॉम्प्युटरवर'. कॉम्प्युटर पाहिला होता कोणी? लोक चपला बाहेर काढून आत जात आणि पार्टिशनमागच्या खडखडाटाला हात जोडत. आमचे हवालदारही त्यातलेच.

एके सकाळी असोद्याचे एक केळीवाले आबा ठाण्यात आले. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झालेल्या. धुळ्याच्या व्याह्यांनी कॉम्प्युटरचा रिपोर्ट मागितला आणि त्यात मुलीला मधुमेह निघाला. लग्न मोडायला आले होते.

"साहेब, पोर धडधाकट शे. सरकारी दवाखान्यात तपासलं, काहीच निंघनं नही. पण व्याही म्हणतस, मशीन खोटं बोलत नही."

मशीन बोलत नसेल, चालवणारा बोलतो. पंच घेतले, आबांना घेतले आणि थेट लॅबोरेटरी गाठली.

मालकाची उत्तरे तयार होती. डिग्री? मुंबईला आहे. यंत्र दाखवा. "गरम झालंय साहेब, उघडलं तर बिघडेल." वर माझ्यासाठी चहा मागवला. मी कप हातात घेतला आणि लाइट गेली. पंखा थांबला, समोरची पिठाची गिरणी थांबली. पार्टिशनमागे खडखड मात्र चालूच.

"हे कशावर चालतंय हो?"

"बॅटरीवर, साहेब."

तेवढ्यात आतून आवाज आला, "शेठ, मेणबत्ती द्या. नावं दिसेनात."

आत एक टायपिस्ट, जुना टाइपरायटर आणि आधीच टाइप करून ठेवलेल्या रिपोर्टांचा गठ्ठा. फक्त नाव घालायचे बाकी. कोणाला कोणता रोग, ते वरचा कागद ठरवणार. पंचांना हसू आवरेना. आबा हसले नाहीत.

"म्हंजे मनी पोरनं नशीब ह्या गठ्ठामा व्हतं?"

मग मात्र माझे डोके फिरले. पंचनामा, जप्ती, मालकाला अटक, सगळे तिथल्या तिथे उरकले. व्याह्यांना आणि नवरदेवाला धुळ्याहून बोलावून टाइपरायटर टेबलावर ठेवला. "हा तुमचा कॉम्प्युटर." व्याही खाली मान घालून बसले. नवरदेव उठला आणि आबांच्या पाया पडला.

माझ्या हुशारीने उघडकीस आलेले गुन्हे थोडे. हा तर लाइट गेल्यामुळे उघडला. पण तेव्हापासून एक शिकलो. जिथे चपला काढून हात जोडायला लावतात, तिथे पडदा आधी बाजूला करावा.

लग्नाला आबा मला ओढूनच घेऊन गेले. अक्षता पडल्या आणि मांडवातली लाइट गेली. वाजंत्री थांबली नाही, उलट जोरात वाजू लागली. आबा माझ्या कानाशी वाकले.

"साहेब, लाइट गयी तरी वाजी राह्यनं. ह्यानाबी पंचनामा करा."

त्या दिवशी आबा पहिल्यांदा हसले. हसता हसता उपरण्याने डोळे पुसत होते.