फोटोंवरचे पांढरे डाग

दादा गेला हे सांगायला पौडाहून माणूस आला, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "आक्का, गुरुजी गेलं," तो म्हणाला. मी सूप खाली ठेवलं नाही. होते तेवढे तांदूळ निवडले आणि मग उठले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... पण या महिन्याभरात चांगलं बोलणारे पुष्कळ झाले, शाळेत शोकसभाही झाली. माझा भाऊ मला जसा ठाऊक होता तसा मी सांगते.

पौडाच्या घरी ओटीवर एकोणीस फोटो आहेत. गवई, गाणाऱ्या बाया, सतारिये, सगळे नामांकित आणि सगळ्यांच्या सह्या. कुणी पाहायला आलं की दादा पानाला चुना लावत एकेकाची अशी ओळख करून द्यायचा, की वाटावं ही मंडळी कालच जेवून गेली. खरं म्हणजे दादाच्या पत्रांना कुणी उत्तरच देत नसे. मग त्याने शक्कल काढली, पत्रं माझ्या नावाने धाडायची. मी पंधरा वर्षांची, अक्षर मोत्यासारखं. तो सांगायचा, मी लिहायची, 'मी आपली गाणी म्हणत असते.' फोटो येऊ लागले. वर 'चि. यमुनेस आशीर्वाद', खाली सही. दादा दाढीच्या पात्याने माझं नाव खरवडून काढायचा आणि सही तेवढी ठेवायचा.

पत्रात खोटं नको म्हणून मी खरंच गाऊ लागले. शेण्या थापताना, भात कांडताना. एका बाईंनी फोटोवर लिहिलं होतं, 'चि. यमुनेस, पुण्यास ये, गाणे ऐकव.' मी धावतच दादाकडे गेले.

"दादा, जाऊ का मी?"

"फोटू मागितला हुता, गुरू न्हाई," तो म्हणाला आणि त्याने पातं घेतलं. त्याच वर्षी माझं लग्न लावून मला भरे गावी धाडली. गाणं तिकडेच राहिलं. त्याला मी माफ केलेलं नाही, आता करायचंही नाही.

तेराव्यानंतर वहिनी फोटो पुसत होती. ती या घरात आली ती माझ्या लग्नानंतर.

"वन्सं, ह्ये डाग काय जाईनात बगा. हितल्या पावसानं बुरशी धरली म्हनायचं ह्ये."

बिचारी दर पावसाळ्यात सगळे फोटो चुलीच्या उबेला वाळवत होती... इतकी वर्षं!

"वहिनी, बुरशी न्हाई ती. हितं माझं नाव हुतं."

एखाद्यावर तरी राहिलं असेल म्हणून मी एकोणीसच्या एकोणीस फोटो उतरवून पाहिले. एकावरही नव्हतं. दादाचं काम चोख.

त्या बाईंचा फोटो मी कुणाला न विचारता उचलून आणला. काल तो चौकटीतून काढला, टाक दौतीत बुडवला आणि पांढऱ्या डागावर लिहिलं, यमुना. खरवडलेल्या कागदावर शाई फुटली, अक्षरं पसरली. पसरू देत. चांगलं अक्षर मी दादासाठी पुष्कळ काढलं.