साखळीतला गडी

कुडव्यात आमच्या शेजारी राहतो तो. कॉलेजच्या कबड्डी संघात बचावाला खेळतो. अंगानं दांडगा, बोलायला कमी. काहीही विचारा, आधी "हौ जी" म्हणणार.

परवा व्यावसायिक संघाचे निवडकर्ते चाचणी घ्यायला आले, मीही बघायला गेलो. जो तो एकट्यानं पकड करून दाखवायच्या घाईत होता. यानं मात्र जोडीदाराचा हात सोडला नाही. दोघांनी मिळून चढाया अडवल्या, पण शेवटची पकड जोडीदाराची दिसायची, म्हणून टाळ्या त्यालाच मिळाल्या.

"तू एकटा का नाही गेलास?" निवडकर्त्यानं विचारलं.

"हात सोडला असता तं तो उघडा पडला असता जी."

संघाच्या सराव शिबिरासाठी पहिलं नाव त्याचंच पुकारलं गेलं. "आमच्या कुडव्याचा हाय!" मी अनोळखी माणसांनाही सांगत सुटलो. तो मात्र जोडीदाराचं नाव येतं का, ते कान देऊन ऐकत उभा होता.