चुंबळ

लातूर जिल्हा नवा होता आणि दुष्काळ चालू होता. उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या तपासणी शिबिराची बातमी घ्यायला मी गेलो होतो. ती बाई तिथेच दिसली. नाव विचारायचे राहिले.

पुण्याहून आलेल्या तपासनिसांनी तिच्या मुलीपुढे एकेक चित्र धरले. छत्री, होडी, कारंजे. मुलगी गप्प राहिली.

‘मूकबधिर शाळेच्या वसतिगृहात घालावी लागेल,’ ते म्हणाले.

बाईने चित्रांवर तळहात ठेवला. ‘छत्री लागंल असा पाऊस तरी कुठं झालाय, साहेब?’

घागरीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ तिने कमरेची काढली आणि टेबलावर ठेवली. ‘हे काय गं, बाय?’

‘तुंबल,’ मुलगी म्हणाली. मग आपणहून, ‘आईती.’

‘उच्चार सदोष आहेत.’

‘हाव, हायत. तेच नीट करायला आणलंय तिला. टाकून जायला न्हाई.’

मागून कोणी ओरडले, ‘मावशे, ऊठ की! आमची बी लेकरं हायत.’

‘मंग तुमी बी असंच बसा,’ ती मागे न बघता म्हणाली.

तपासनिसांनी चित्रे बाजूला सारली, चुंबळ हातात घेतली आणि मुलीला विचारले, ‘आईची? आणि आई कुठे जाते ही घेऊन?’