पहिल्या पानावरचे वाक्य

सर्वांच्या अंतरी साक्षी होऊन राहणाऱ्या नारायणाला प्रथम वंदन करतो. माझी भाची सुलभा हिचे पहिले मासिक श्राद्ध काल झाले, आणि तिच्याविषयी मी काही लिहावे असे घरच्यांनी सुचवले. तसा अधिकार मला उरला आहे का, याविषयी मी साशंक आहे, तरीही लिहितो.

बातमी आली तेव्हा मुलुंडच्या घरी मी पूजेला बसलो होतो. घाटकोपरहून जावईबापूंचा फोन आला. "मामा, सुलभा गेली. चहा गाळता गाळता खाली बसली, ती उठलीच नाही." हातातली पळी ताम्हनात ठेवली. त्या क्षणी मला देव आठवला नाही; आठवले ते देव्हाऱ्याशेजारच्या फडताळातले, लाल दोऱ्याने बांधलेले अठरा कागद. ज्येष्ठात तिने ते माझ्या हाती दिले होते. ती गेली आश्विनात.

सुलभाने उभे आयुष्य एका प्रयोगशाळेत एकाच प्रश्नामागे घालवले. अ जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारे आम्ल पेशीतल्या जनुकांना जागे कसे करते, हा तो प्रश्न. मी चाळीस वर्षे संस्कृत शिकवले आणि पौरोहित्य केले. मला यातले काय कळणार? पण ती मला कळेपर्यंत सोडत नसे. एकदा आमच्याकडे पूजेच्या तयारीत दूर्वा निवडता निवडता म्हणाली, "मामा, यजमान पूजेला एकटा बसतो का रे?" म्हटले, "पत्नी असता कसा बसेल?" "मग झालं तर! हे आम्ल ज्यांना चिकटतं ती रिसेप्टरची प्रथिनंपण जोडीनंच बसतात, थेट जनुकावर. आम्ल येत नाही तोवर नुसती बसून राहतात, आणि जनुकाला गप्प ठेवतात. आम्ल येऊन चिकटलं की संकल्प सुटला! जनुक कामाला लागलं." रक्ताच्या एका कर्करोगात यांतले एक प्रथिन तुटून भलत्याशीच जुळते, नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही, आणि रक्तपेशी पोरवयातच अडकून पडतात; तेच आम्ल औषध म्हणून अधिक मात्रेत दिले की त्या पेशी वयात येऊ लागतात. हे सांगताना तिचा चेहरा, निकाल ऐकून आलेल्या विद्यार्थिनीसारखा उजळत असे.

दर रविवारी सकाळी ती एका मैत्रिणीच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात जाऊन बसे. चेहऱ्यावरचे हट्टी मुरूम जावेत म्हणून मुलींना तिथे ज्या गोळ्या देतात, त्या याच आम्लाच्या कुळातल्या. गर्भात बाळाचा चेहरा, हृदय, मेंदू घडताना हे आम्ल कुठे किती असावे, हे ठरलेले असते. "सगळ्या खोल्यांत एकदम शंख वाजले, तर आरती कुठे चाललीय ते कसं कळणार, मामा? ती गोळी तसंच करते. बाळाचं घडणंच विस्कटतं." म्हणून ती प्रत्येक मुलीला बाजूला घेऊन, दार लोटून, स्वतः सांगत असे. सगळ्यांपर्यंत आपण पोचणार नाही हे जाणवून तिने सोप्या मराठीत पुस्तिका लिहिली आणि भाषा तपासायला माझ्याकडे दिली.

माझी जुनी शिस्त अशी, की कोणतेही लेखन हाती आले की आधी त्याच्या माथ्यावर 'श्री' लिहायचे आणि तीन आवृत्त्या, म्हणजे तीनदा वाचून दुरुस्ती, झाल्याविना ते परत द्यायचे नाही. पहिल्याच पानावर तिचे वाक्य होते: 'ही गोळी चालू असताना दिवस जाऊ देऊ नका.' श्रीकाराच्या खाली लगेच हे वाक्य मला शोभेना. मी लाल शाईने ते खोडले आणि शेवटच्या पानावर लिहिले, 'औषधसेवनकाळी गर्भधारणा वर्ज्य मानावी.' पहिली आवृत्ती झाल्यावर तिला दाखवले. ती आधी हसली. "अरे मामा, कॉलेजची पोरगी हे वाचून याची पुडी बांधेल, शेंगदाण्याची!" मग हसू मावळले. "पोरी लाजतात म्हणून विचारत नाहीत. कागदानंपण लाजायचं का?"

मला राग आला. भाषेचे मला कळते, असे काहीसे बोललो. उरलेल्या दोन आवृत्त्या चातुर्मासातल्या पारायणांनंतर करीन, असेही सांगितले. त्यानंतर तिने दोनदा फोन केला. दुसऱ्या खेपेस म्हणाली, "झालं का रे? रविवारी पोरी वाढल्यात." मी म्हणालो, "घाई कसली आहे?" "बरं, तुझ्या सवडीनं कर," ती म्हणाली. तिचे माझ्याशी झालेले ते शेवटचे बोलणे.

तेराव्याला दवाखान्यात नावे लिहून घेणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांना या कागदांचा इतिहास ठाऊक नव्हता. त्यांनी सहज विचारले, "ताईंची ती पुस्तिका झाली का हो? डॉक्टर सांगतात, पण गर्दीत पोरी माना डोलावतात नि जातात. ताई पुन्हा बोलतं करायच्या. परवा एकजण गोळ्या घेऊन गेली. लग्न ठरलंय तिचं. मागाहून मलाच धाकधूक झाली, फोन करून विचारलं तर म्हणते, असलं काही लक्षातच नाही. मग मीच पुन्हा नीट सांगितलं." त्या मुलीला वेळेवर कळले, ते या बाईंच्या धाकधुकीमुळे. माझ्या फडताळात मात्र ते वाक्य चार महिने सोवळ्यात बसले होते.

दुसऱ्या दिवशी स्नान करून मी बाड उघडले. लाल शाईच्या खालून तिची अक्षरे स्पष्ट दिसत होती. पहिले पान कोऱ्या कागदावर पुन्हा लिहिले. माझा एकही शब्द त्यात ठेवला नाही, शेवटच्या पानावरचे माझे वाक्यही गाळले. श्रीकार तेवढा राहू दिला, आणि त्याच्या खाली लगेच तिचे वाक्य. उरलेल्या दोन आवृत्त्या केल्या नाहीत. प्रती दवाखान्यात पोचल्या आहेत. मूळ बाड मात्र देव्हाऱ्यात, पोथ्यांच्या शेजारी आहे. रोज गंध लावताना लाल रेघेखालचे ते वाक्य दिसते, आणि गंधाचे बोट क्षणभर थांबते... ही माझी दुसरी आवृत्ती; ती संपायची नाही.

वाचकहो, आपल्या घरी आरोग्य नांदो, लेकीसुनांच्या कुशी निर्विघ्न उजवोत, बाळे सर्वांगांनी धडधाकट जन्मोत. आणि घरात कुणी मुरुमांवरची अशी गोळी घेत असेल, तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. ती गोळी चालू असताना, आणि थांबवल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, दिवस जाऊ देऊ नका. नारायण आपले रक्षण करो.