डिंकाच्या लाडवांचे दिवस

सेलूत दैवशालाच्या हातचं ब्लाऊज कुणाला बसलं नाही असं कधी झालं नव्हतं. अपवाद एकटीचा, तिचा स्वतःचा. दिवसभर मशीनवर बसून अंग असं सुटलं होतं की दर सहा महिन्यांनी तिला स्वतःच्याच शिवणी उसवाव्या लागत. त्यात हनुवटीवर केस. कापसाच्या जिनिंगात कामाला जाणारा नवरा, आसाराम, दाढी करून गेला की ती दार लावून त्याच आरशापुढं बसायची. "आमच्या घरात दाढीची माणसं दोन," असं स्वतःशीच म्हणायची.

पाळी चार-चार महिने यायची नाही. प्रत्येक वेळी सासूला, पारूबाईला, वाटायचं दिवस गेले. मग डिंकाचे लाडू, गूळ-तूप, बसून राहणं. दोनदा पाळी आली नि लाडू बंद झाले. एक्याण्णव साली मात्र पाच महिने उलटले. पोट दिसायला लागलं. दैवशालालाही खरं वाटलं. "आत्याबाई, हालायलंय बघा," तिनं शपथेवर सांगितलं. उरलेल्या कापडाची चार झबली शिवली. हिरवं लुगडं नेसून चोरओटीही भरून घेतली.

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एकदा परभणीला दवाखान्यात जाणं हुकलं; पुढच्या आठवड्यात नवरा-बायको दोघं गेली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या मशीनवर बराच वेळ पाहिलं.

"बाळ नाही, बाई. बीजकोशांवर बारीक बारीक फोड आहेत."

"मग हालत होतं ते?"

"गॅस."

आसाराम भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. दैवशालाला रडू यायच्या आधी हसू आलं. गॅसची ओटी भरून घेणारी अख्ख्या तालुक्यात आपण एकटीच असू, असं तिला वाटलं. रडू आलं ते नंतर, जिन्यात.

डॉक्टरीणबाईंनी सोपं करून सांगितलं होतं. साखर जिरवणारा रस अंगात आहे, पण अंग त्याला जुमानत नाही. मग अंग तो जास्तच सोडतं, आणि त्यानं पाळी, केस, वजन, सगळं बिघडतं. पाळीच्या गोळ्या दिल्या. पण खरं औषध म्हणजे गोड बंद, नि रोज तासभर चालणं.

गोड सोडणं जमलं, रडतखडत. पण चालायचं कसं? बाईमाणूस बिनकामाचं रस्त्यानं निघालं की लोक विचारणारच. दैवशालानं पिशवीत एक ब्लाऊज टाकलं नि गिऱ्हाईकाच्या घरी पोचवायला निघाल्यासारखी स्टेशनापर्यंत गेली. महिनाभर तेच एक ब्लाऊज रोज फिरून आलं. शेवटी शेजारच्या सगुणाबाईनं अडवलं, "हे कुणाचं गं? कुणी घेईना का?"

"माझंच हाय," दैवशाला म्हणाली. "मापात यायची वाट बघायले."

सगुणाबाईचा गुडघा दुखायचा, तीही सोबत यायला लागली.

चालणं सुरू केल्याच्या सहाव्या महिन्यात, ऐन दिवाळीत, गोळी न घेता पाळी आली. पारूबाई कपाळाला हात लावून एकटी चकल्या तळत बसली, नि शिवायचं नाही म्हणून बाजूला बसलेली सून गालातल्या गालात हसत होती. आसारामनं विचारलं, "काय झालं?"

"काही न्हाई. वेळेवर आली, एवढंच."

केस काही पुरते गेले नाहीत. मूल झालं ते आणखी दोन वर्षांनी, मुलगी. मधल्या काळात पाळी चुकलेली कुणी माप द्यायला आली की दैवशाला टेप खाली ठेवून सांगायची, "लाडू खाऊ नको बाई, आधी परभणीला जाऊन ये. मी खाऊन बघितलेत."