पाटोळेंचं तिसरं वर्ष

रविवार हा इथे कतारमध्ये आठवड्याचा पहिला दिवस. ऑफिसात येऊन मी पर्स ठेवते न ठेवते तोच फोन वाजला. आमच्या कॉलेजच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर होता. हिंदीत म्हणाला, "मॅडम, पाटोळे गुजर गया. कल सुबह. रूम में ही. हार्ट." मी "अच्छा" म्हटलं. फोन ठेवून खिडकीशी गेले. खाली स्प्रिंकलर ठरल्या वेळेला सुरू झाले होते. मैदानाच्या दूरच्या टोकाला, जिथे हिवाळी गवताचं बी टाकलं होतं, तिथे पाटोळेंनी बांधलेली दोरी होती. तिच्यावर लाल चिंध्या लावलेल्या. गुरुवारी सकाळी याच दोरीपाशी मी त्यांना शेवटचं पाहिलं. पार्किंगमधून ऑफिसला येताना मैदानाचा कोपरा तुडवून यायची मला खोड आहे, अर्धा मिनिट वाचतो. मी दोरीखालून वाकणार एवढ्यात नेहमीची हाक आली, "मॅडम, पाय!" मी ओशाळून मागे झाले. पाइप खाली ठेवून ते जवळ आले आणि म्हणाले, "रविवारी वाईच येळ द्या मला. येक बोलायचं हुतं." मी म्हटलं, "नक्की, रविवारी या वर चहाला."

तो रविवार हा होता...

दत्ता पाटोळे कागलकडचे. कोल्हापूरच्या मातीत कुस्तीइतकाच फुटबॉल मुरलेला आहे, हे बाहेरच्यांना पटकन खरं वाटत नाही. तालमीच्या पोरांना घेऊन त्यांनी तिथे बारा-पंधरा वर्षं संघ बांधले, कोचिंगचं लायसन्स काढलं, आणि मग संसाराला पुरेना म्हणून गवताचं काम शिकून इथे आले. अल खोरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये चौघांत एक खोली. तिथून पहाटेच्या बसने ते अल दुहैलला आमच्या मैदानावर यायचे, सूर्य डोक्यावर यायच्या आत पाणी देऊन मोकळे व्हायचे. मी स्टुडंट अफेअर्सला. खेळाची जबाबदारी माझ्याकडे आली ती कुणालाच नको होती म्हणून. कॉलेजांची छोटीशी लीग, तिच्यात आमचा संघ कायम तळाला. तीन वर्षांत चार कोच झाले होते. प्रत्येकाला आम्ही वाजतगाजत आणायचो आणि पाच-सहा मॅच हरला की वाटेला लावायचो. चौथा गेला त्या आठवड्यात पाटोळे माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. पायातले गमबूट बाहेर काढून ठेवलेले. माझं माहेर साताऱ्याचं, हे त्यांनी कुठून तरी काढलं होतं. म्हणाले, "मॅडम, टीम मला द्या. पन तीन वरसं द्या. पयल्या वर्षी हरनार, दुसऱ्या वर्षी बरुबरी हुईल, तिसऱ्या वर्षी बगा."

मला हसू आलं होतं. पण दुसरं कुणी मिळतही नव्हतं. कंपनीकडून परवानगीचं पत्र आलं आणि गवतवाला माणूस कोच झाला.

मी मुळात उतावळी. कुकरची शिट्टी पडली की वाफ जिरायच्या आत झाकण उघडायला धावणारी. आई म्हणायची, "हिला शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत नाही." पाटोळे बरोबर उलटे. पहिल्या दिवशी त्यांनी पोरांचे बूट काढायला लावले आणि सगळ्यांना अनवाणी मैदानभर चालवलं. कुठे भुसभुशीत आहे, कुठे चेंडू उडतो, हे तळपायाला कळलं पाहिजे म्हणे. लेबनॉनची, सुदानची, केरळची, आपल्या रत्नागिरीची पोरं, एकमेकांकडे बघून हसत होती. मीही खिडकीतून हसत होते. पुढे दोन महिने त्यांनी कुणाला गोलवर मारूच दिलं नाही. नुसते पास. पहिली मॅच सात-शून्य हरलो. दुसरी पाच-शून्य. मी खाली उतरून विचारलं, "पाटोळे, निदान दोन-तीन पोरं तरी बदला की!" त्यांनी मान हलवली. "न्हाई मॅडम. रोज मानूस बदलला तर पास द्यायचा कुनाला? कोच बदलून बदलून पोरं दमल्यात. आता काय बी बदलायचं न्हाई." तेच अकरा जण त्यांनी वर्षभर खेळवले आणि वर्षभर आम्ही हरलो. कप्तान फैझान हा रत्नागिरीच्या घरातला, इथेच जन्मलेला. मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र इंग्रजीत. हरल्यावर तो रडायचा तेव्हा पाटोळे त्याला जवळ बोलवायचे. त्याच्या हातात पाण्याचा पाइप द्यायचे आणि म्हणायचे, "गोलापाशी मार जरा." दोघं मुकाट्याने पाणी मारत उभे राहायचे.

दुसऱ्या वर्षी ते म्हणाले होते तसंच झालं. तीन मॅच जिंकल्या, बऱ्याच बरोबरीत सुटल्या. चेंडू आता या पायातून त्या पायात जाताना बघायला बरं वाटायचं. शेवटच्या मॅचला आम्ही एक-शून्य पुढे होतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले. तळापासून तिसरे.

आता जे लिहिते आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात कमिटी बसली. आम्ही तिघं होतो, डीन, एक इजिप्शियन प्रोफेसर आणि मी. डीनकडे एका नव्या माणसाचा अर्ज होता, मोठ्या क्लबात सहायक राहिलेला, कागद बघून डोळे दिपावेत असा. इजिप्शियन प्रोफेसर म्हणाले, या पाटोळेंना अजून एक वर्ष द्यायला माझी हरकत नाही. डीनना नवा हवा होता, पण तेही अडून बसले नव्हते. माझ्याकडे वळून म्हणाले, "ते तुमच्याकडचे आहेत. त्यांना तुम्ही जास्त ओळखता. तुम्हीच ठरवा." म्हणजे सगळं माझ्या हातात होतं. आणि मी एका मिनिटात सांगितलं, नवा आणू या. सांगताना मी मनाशी म्हणत होते, आपल्या माणसाची तळी उचलली असं कुणी म्हणू नये. ते खोटं होतं. खरं हे की मला त्यांची लाज वाटायची. दुसऱ्या कॉलेजांचे कोच ट्रॅकसूटमध्ये यायचे आणि आमचे गमबूट घालून मोडक्या इंग्रजीत रेफ्रीशी हुज्जत घालायचे, तेव्हा कुणी तरी मला विचारायचं, "तुमचे गाववाले ना?" त्या प्रश्नाची लाज. एवढ्यासाठी मी एका माणसाचं तिसरं वर्ष काढून घेतलं.

फैझान दुसऱ्या दिवशी ऑफिसात आला. खुर्चीवर बसला नाही. "आंटी, वन मोर इयर. प्लीज," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, कमिटीचं ठरलंय.

पाटोळेंनाही तेच सांगितलं. चहा मागवला, समोर बसवलं आणि म्हटलं, "मी खूप भांडले हो, पण कमिटीपुढे माझं काही चाललं नाही." हे बोलताना जीभ जराही अडखळली नाही, याचंच मला आज आश्चर्य वाटतं. त्यांनी कप खाली ठेवला. मग उलट मलाच समजावलं. "व्हय मॅडम. तुमी तरी किती जनांशी भांडनार? तुमी हुता म्हनून दोन वरसं तरी मिळाली." जाताना विचारलं, नव्या कोचला पोरांची माहिती सांगू का, कुणाचा कुठला पाय दुखतो, कुणाला ओरडलेलं चालत नाही. मी म्हटलं, बघू. पुढच्या सुट्टीहून येताना त्यांनी माझ्यासाठी घरच्या कांदा-लसूण मसाल्याची बरणी आणली. ती मी घेतली. वापरलीही.

आता त्यांना दुसऱ्या मैदानावर पाठवतील असं मला वाटलं होतं, खरं तर तशी आशाच होती. पण कंपनीने ड्युटी बदलली नाही. वर्षभर ते त्याच मैदानावर पाइप घेऊन उभे असायचे आणि त्यांची पोरं दुसऱ्याच्या शिट्टीवर पळत असायची. मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायला लागले. नवा कोच चांगला माणूस होता, उगाच कशाला वाईट बोलू? त्याने महिनाभरातच मला विचारलं, "या मुलांना पायापासून कुणी तरी नीट शिकवलंय. कोण होतं?" पाटोळे आमच्यापासून वीस पावलांवर गवताची कड कापत होते. मी म्हटलं, "आधीचे एक कोच." बोट दाखवलं नाही.

त्या वर्षी आम्ही लीग जिंकली. फायनल आमच्याच मैदानावर झाली. शिट्टी वाजली तशी पोरं कोचकडे न जाता सरळ कोपऱ्याकडे धावत सुटली, फैझान सगळ्यांत पुढे, हातात कप. पाटोळे तिथे उभे होते. आता पोरं त्यांना उचलून घेणार म्हणून मी बघत होते. तर पाटोळे दोन्ही हात वर करून ओरडायला लागले, "अरं पाय! पाय! नवीन बी टाकलंय तितं! तिकडनं या, तिकडनं!" आणि जिंकलेली ती सगळी धांदल निमूटपणे वळसा घालून त्यांच्यापर्यंत गेली. मी टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारी डीन म्हणाले, "तुमचा निर्णय बरोबर ठरला." मी त्यांना शुक्रन म्हटलं, अरबीत धन्यवाद.

कप जिंकून देणारा कोच यंदा उन्हाळ्यात मोठ्या क्लबात निघून गेला. जागा पुन्हा रिकामी. या वेळी कोणाला बोलवायचं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण पाटोळेंना बोलवायचं तर आधी ते खोटं उघडं करावं लागणार होतं, निदान मला तसं वाटत होतं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. आज सांगू, उद्या सांगू. अख्ख्या आयुष्यात मी एकाच कामात सावकाशीने वागले, आणि ते हे काम होतं.

त्यांना रविवारी काय बोलायचं होतं? कदाचित रजा हवी असेल. कदाचित टीम पुन्हा मागायची असेल. किंवा डीनच्या ऑफिसातल्या कुणाकडून त्यांना खरं कळलं असेल आणि तेच मला तोंडावर विचारायचं असेल... मी आजही त्या गुरुवारचा त्यांचा चेहरा आठवून बघते. रागावल्यासारखा नव्हता. पण त्या चेहऱ्यावर राग कसा दिसतो हे मी कधी पाहिलेलंच नाही, तर ओळखणार कसा?

त्यांचा देह गावी पाठवल्यावर आठवड्याभराने मी त्यांच्या बायकोला, वहिनींना, फोन लावला. सांगायचं असं ठरवूनच लावला होता. पलीकडून त्यांचा बारीक आवाज आला, "मॅडम का? तुमचं नाव लई घ्यायचं हे. समदी कमिटी इरोधात हुती, येकट्या मॅडम भांडल्या माज्यासाठी, म्हनायचं. परक्या मुलखात आसं कोन करतंय? तुमास्नी म्हनून मसाला मीच कुटून धाडला हुता." बोलणार कशी? नवरा गेलेल्या बाईजवळ त्याच्या विश्वासाची एवढी एकच गोष्ट शिल्लक होती, ती मी कशी काढून घेऊ? "मसाला फार चांगला होता, वहिनी," एवढंच म्हटलं. म्हणून हे लिहिते आहे. वहिनी, तुमच्या घरी हे पान आलं किंवा कुणी वाचून दाखवलं, तर ऐका. मी भांडले नव्हते. तीन वर्षं त्यांनी मागितली होती, तिसरं देणं माझ्या हातात होतं, आणि मी दिलं नाही. ते म्हणाले होते तसंच सगळं झालं, नाव तेवढं दुसऱ्याचं लागलं.

बी टाकल्यावर वीस दिवस पाय ठेवायचा नाही आणि एकविसाव्या दिवशी दोरी सोडायची, हा त्यांचा नियम. त्यांच्या जागी आलेला माणूस बाराव्या दिवशीच दोरी काढायला निघाला होता, गवत तर आलंय म्हणे. मी खाली धावत जाऊन त्याला थांबवलं. रोज सकाळी खिडकीतून दिवस मोजले. परवा फैझान आला, आता तो शेवटच्या वर्षाला आहे. कधी नव्हे ते मराठीत बोलला, "आंटी, ट्वेंटी डेज झाले. दोरी सोडू?" मी म्हटलं, मी सोडते.

गाठी त्यांनी मारलेल्या, ओल्या-सुक्या होऊन घट्ट बसलेल्या. नखं दुखली, पण कापली नाही. दोरी गुंडाळून फैझानच्या हातात दिली आणि तो निघून गेल्यावर कोपऱ्याशी उभी राहिले. समोर ऑफिसचं दार, मध्ये माझी नेहमीची आडवाट, आता हिरवीगार. मी एक पाय उचलला आणि मुद्दाम तसाच धरला. वाट पाहिली. स्प्रिंकलर बंद होते, पलीकडच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. कुणी ओरडलं नाही.

गवत तयार होतं. पाय ठेवायला आता काहीच हरकत नव्हती. मी मैदानाला पुरा वळसा घालून ऑफिसला गेले.